मदत हवी आहे: कला शाखेतून बारावी आणि ए.एन.एम. झाल्यावर नर्सिंगची पदवी व मिडवाइफरीचे शिक्षण कसे घेता येईल?

नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातील एका उपकेंद्रावर राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत कंत्राटी आरोग्यसेविका म्हणून काम करते. माझे वय 31 आहे. बारावी कला शाखेतून झाली, त्यानंतर दोन वर्षांचा ए.एन.एम. (सहायक परिचारिका व प्रसाविका) अभ्यासक्रम पूर्ण केला आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी आहे. नोकरीत आल्यावर कुशल प्रसूती साहाय्यकाचे 21 दिवसांचे प्रशिक्षणही मिळाले.

आमच्या भागात रस्ते डोंगराचे आहेत आणि पावसाळ्यात रुग्णवाहिका वेळेवर पोहोचेलच असे नसते, त्यामुळे उपकेंद्रात बाळंतपणे होतात आणि त्यांतली बरीच मी स्वतः करते. झटके आलेल्या मातेला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, म्हणजे दोन्ही नितंबांत प्रत्येकी 5 ग्रॅम, देऊन तिला पुढे पाठवावे हे मला ठाऊक आहे आणि ते मी केलेही आहे. पण त्या डोसानंतर ग्रामीण रुग्णालयात तिच्यावर कोणते उपचार होतात, दुसरा डोस देण्यापूर्वी काय तपासतात, रक्तदाब एवढा का वाढला, या प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे नाहीत. ती मिळावीत म्हणून मला शिकायचे आहे. पगारवाढ झाली तर हवीच आहे, परंतु मूळ ओढ प्रसूतिकक्षाच्या कामाची आहे.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान शाखेतून हवी, ही माझी पहिली अडचण. एका सहकारी ताईने सुचवले की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन पुन्हा बारावी करावी आणि थेट बी.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यावी. दुसरीचे म्हणणे असे की आधी जी.एन.एम. (परिचर्या व प्रसूतिशास्त्राची पदविका) करावे आणि मग पोस्ट बेसिक बी.एस्सी., म्हणजे त्या पदविकेनंतरची नर्सिंगची पदवी, करावी. तिसरीने सांगितले की जी.एन.एम. आता बंदच होणार आहे, त्यात वेळ घालवू नकोस. शिवाय तालुक्याच्या गावी एक गृहस्थ भेटले. परराज्यातील एका संस्थेत जी.एन.एम.ला प्रवेश मिळवून देतो, नोकरी सोडावी लागणार नाही, फक्त परीक्षेला जायचे, असे ते म्हणतात. रक्कम मोठी आहे, तरीही नोकरी टिकते म्हणून घरच्यांना हा मार्ग सोयीचा वाटतो.

इंग्लंडमध्ये परिचारिका न होताही थेट मिडवाइफरीची, म्हणजे प्रसूतिसेवेची, तीन वर्षांची पदवी घेता येते असे वाचले. आपल्याकडे तशी सोय आहे का, हेही विचारायचे आहे. माझा मुलगा दुसरीत आहे आणि यजमान शेती करतात. या क्षेत्रातील जाणकारांनी, विशेषतः या वाटेने स्वतः गेलेल्यांनी, मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद 1

ताई, मी बरीच वर्षे परिचर्या महाविद्यालयात शिकवत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम त्या गृहस्थांविषयी. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार जी.एन.एम.साठी तासिकांना किमान 80 टक्के हजेरी लागते आणि प्रात्यक्षिक अनुभवाची 100 टक्के हजेरी पूर्ण झाल्याशिवाय पदविका देता येत नाही. त्यामुळे ‘फक्त परीक्षेला या’ असे सांगणारी संस्था एकतर खोटी हजेरी दाखवणार, किंवा तुम्हाला असा कागद देणार की ज्यावर महाराष्ट्रात नोंदणी होताना प्रश्न उभे राहतील. दुसऱ्या राज्यात शिकलेल्या परिचारिकेला येथे काम करण्यासाठी येथील परिषदेकडे नोंदणी घ्यावी लागते आणि तेव्हा त्या संस्थेच्या मान्यतेपासून सगळे तपासले जाते. आणि समजा नोंदणी झालीच, तरी तुम्हाला ज्यासाठी शिकायचे आहे ते रुग्णालयात न जाता कोठून मिळणार? मॅग्नेशियम सल्फेटचा पुढचा डोस देण्यापूर्वी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वासाची गती आणि लघवीचे प्रमाण पाहतात. हे पुस्तकातही आहे, पण रुग्णाजवळ उभे राहून तासातासाची नोंद ठेवली म्हणजेच ते अंगी लागते. त्या वाटेला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जी.एन.एम. बंद करून केवळ पदवी ठेवावी असा विचार काही वर्षांपूर्वी पुढे आला होता आणि तेव्हापासून ही बातमी दरवर्षी नव्याने फिरते. अभ्यासक्रम सुरू आहे. अनेक परिचर्या शाळांचे महाविद्यालयांत रूपांतर झाले, त्यामुळे काही ठिकाणी जागा कमी झाल्या एवढेच खरे.

आता दोन वाटांची तुलना. मुक्त विद्यालयातून केलेली बारावी बी.एस्सी. नर्सिंगसाठी ग्राह्य धरली जाते, त्यामुळे सहकारी ताईंचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र चारही विषय, त्यात इंग्रजी आले, प्रात्यक्षिकांसह उत्तीर्ण व्हावे लागते आणि एकत्रित किमान 45 टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती व जमातींसाठी ही अट 40 टक्के आहे. त्यानंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा असते. ती 100 गुणांची असून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि परिचर्या अभिक्षमता यांना प्रत्येकी 20 गुण असतात. बी.एस्सी.साठी वयाची कमाल मर्यादा 35 आहे, म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण फार नाही. बारावीच्या तयारीचे किमान एक वर्ष आणि पदवीची चार वर्षे मिळून पाच झाली.

जी.एन.एम.ची तीन आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन, म्हणजे तीही पाचच. परंतु येथे फरक असा की ए.एन.एम. म्हणून नोंदणी असलेल्या उमेदवार जी.एन.एम.साठी पात्र असतात, त्यांना विज्ञान शाखेची अट नाही आणि परिषदेच्या नियमांत त्यांच्यासाठी वयाचेही बंधन नाही. तीन वर्षांनंतर तुम्ही नोंदणीकृत परिचारिका व प्रसाविका होता. तेथे घरच्या कारणाने थांबावे लागले, तरी हाती पूर्ण पात्रता असते आणि नोकरी करता येते. पहिल्या वाटेत चौथे वर्ष संपेपर्यंत हाती काहीच नसते. मुलगा लहान असताना आणि घर शेतीवर चालत असताना हा फरक मला निर्णायक वाटतो.

पोस्ट बेसिकच्या पहिल्याच वर्षी मातृ परिचर्या हा विषय आहे आणि दुसऱ्या वर्षी सामुदायिक आरोग्य परिचर्या, मानसिक आरोग्य, संशोधन व संख्याशास्त्र हे विषय येतात. महाराष्ट्रात ही पदवी बहुतेक ठिकाणी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते.

प्रतिसाद 2

मी स्वतः ए.एन.एम. नंतर जी.एन.एम. केले आहे, म्हणून वरील प्रतिसादात थोडी भर घालते. वय वाढल्यावर पुन्हा वर्गात बसण्याचा संकोच लवकर जातो. खरा त्रास इंग्रजीचा होतो. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र एकदम अंगावर येतात आणि पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात. प्रवेशाची वाट पाहत असताना शरीररचनेच्या इंग्रजी संज्ञा आकृत्यांसह वहीत उतरवून ठेवल्यात, तर पहिले सत्र बरेच सुसह्य होईल.

तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र आले तेव्हा वर्गातील मुली माझ्याकडे विचारायला येत असत, आणि नेमके तेथेच मला जपावे लागले. हाताला सवय असल्यामुळे आपण पायऱ्या गाळून लिहितो. प्रश्नपत्रिकेला मात्र क्रम हवा असतो: बाळ जन्मल्यावर गर्भाशयात दुसरे बाळ नाही याची खात्री करणे, एका मिनिटाच्या आत 10 युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत देणे, नंतर नाळेवर नियंत्रित ताण देऊन वार बाहेर काढणे, आणि शेवटी गर्भाशय आकसले आहे का ते हाताने पाहणे. हे सगळे मी उपकेंद्रात केले होते, कागदावर मात्र अर्धेच उतरत असे.

नोकरीविषयी एक गोष्ट आताच स्पष्ट करून घ्या. कायम सेवेतील कर्मचाऱ्यांना अध्ययन रजेची तरतूद असते. कंत्राटी नेमणुकीत ती गृहीत धरू नका. तुमच्या करारपत्राची प्रत घेऊन जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात लेखी विचारणा करा आणि उत्तरही लेखीच मागा. तोंडी आश्वासनावर कोणी राजीनामा देऊ नये. अनुभवाचा दाखला मात्र नोकरी सोडण्याआधी घ्यावा, नंतर त्यासाठी खेटे घालावे लागतात.

प्रतिसाद 3

मिडवाइफरीच्या प्रश्नाला उत्तर राहिले आहे, म्हणून लिहितो. माझी पत्नी हैदराबादमध्ये प्रसूतिगृहात परिचारिका आहे.

इंग्लंडसारखी, परिचर्या न शिकता थेट मिडवाइफरीची पदवी, ही आपल्याकडची नेहमीची वाट नाही. आपल्याकडे प्रसूतिशास्त्र परिचर्येच्या अभ्यासक्रमातच अंतर्भूत आहे आणि नोंदणीही परिचारिका व प्रसाविका अशी एकत्र होते. मात्र केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ हे स्वतंत्र पद कल्पिले. त्यासाठी 18 महिन्यांचे प्रशिक्षण आहे. ते जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या, प्रसूतिकक्षाचा अनुभव असलेल्या परिचारिकांसाठी आहे, केवळ ए.एन.एम. असलेल्यांना त्यात प्रवेश नाही. तेलंगणाने त्याच्याही आधी, 2017 मध्ये, हैदराबादच्या फर्नांडिस संस्थेच्या साहाय्याने सरकारी परिचारिकांना असे प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली होती. गुंतागुंत नसलेली बाळंतपणे मिडवाइफने स्वतंत्रपणे सांभाळावीत, कळा सुरू असताना मातेला हिंडू-फिरू द्यावे, तिला हव्या त्या स्थितीत प्रसूत होऊ द्यावे, आणि गुंतागुंत दिसताच प्रसूतितज्ज्ञाकडे सोपवावे, अशी ती पद्धत आहे. ताई, तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला बहुधा हेच हवे आहे असे वाटते. त्यासाठीही तुमची वाट जी.एन.एम.वरूनच जाते.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. त्या गृहस्थांना आम्ही नकार कळवला आहे. हजेरीचा नियम यजमानांना वाचून दाखवल्यावर त्यांचाही आग्रह उरला नाही.

जी.एन.एम.च्या प्रवेशाची तयारी करायचे ठरवत आहे. आणखी दोन शंका आहेत. बारावी आणि आता होणारा प्रवेश यांत बरीच वर्षे गेली आहेत, शिवाय माझी शाळेची कागदपत्रे माहेरच्या नावाने आहेत; याने अडचण येईल का? आणि पोस्ट बेसिक पदवी नोकरी करत, दूरस्थ पद्धतीने करता येते का?

प्रतिसाद 1 लिहिणाऱ्या सदस्येकडून

मधल्या वर्षांसाठी प्रतिज्ञापत्र, म्हणजे ज्याला सगळे गॅप सर्टिफिकेट म्हणतात ते, तहसील कार्यालयाच्या आवारात करून मिळते. त्यात तुम्ही ए.एन.एम. केले आणि नोकरी केली हे वर्षांसह नमूद करा. नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल. प्रवेशाचा अर्ज मात्र दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरील नावानेच भरा, नाहीतर पडताळणीच्या वेळी गोंधळ होतो. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असाल, तर जात वैधता प्रमाणपत्राचे काम आजच सुरू करा, कारण सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरावे लागतात आणि त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असणे महत्त्वाचे असते. व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतल्यास ही दारे बहुधा बंद होतात. ए.एन.एम.च्या नोंदणीची मुदत संपली असेल, तर तिचे नूतनीकरणही आधी करून घ्या.

दूरस्थ पदवीबाबत: इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिकचा अभ्यासक्रम नोकरीतील परिचारिकांसाठीच आहे. तो किमान तीन वर्षांचा असून त्याला प्रवेश परीक्षा आहे, आणि जी.एन.एम.ची नोंदणी झाल्यानंतरचा कामाचा अनुभव मागितला जातो. प्रात्यक्षिके ठरलेल्या केंद्रांवर जाऊन करावी लागतात. तुम्ही जी.एन.एम. होऊन प्रसूतिकक्षात रुजू झालात, की तेव्हा हा पर्याय आणि नियमित महाविद्यालय यांतून निवड करता येईल. पुढे एम.एस्सी.ला प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या ही स्वतंत्र शाखा आहे, तिलाही पदवीबरोबर किमान एका वर्षाचा अनुभव लागतो.

प्रवेशासाठी संस्था निवडताना इमारत पाहू नका. तिचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे, तेथे प्रत्यक्ष बाळंतपणे होतात का, आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींना प्रसूतिकक्षात रात्रपाळी मिळते का, हे तेथेच शिकणाऱ्या मुलींना विचारा. मुख्याध्यापिकांना विचारलेत तर उत्तर होकारार्थीच येईल.