बुकिंग केलेली आलिशान गाडी ताबा मिळताच ‘ऑन’ घेऊन विकावी का?

उद्यमनगरकर

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझे मशिन शॉप आहे. अकरा महिन्यांपूर्वी मी एका परदेशी कंपनीच्या डिझेल एसयूव्हीचे बुकिंग केले होते. तिची एक्स-शोरूम किंमत 1 कोटी 40 लाख रुपये आहे आणि पुढील महिन्यात ताबा मिळेल, असा शोरूममधून फोन आला आहे. दरम्यान कारखान्यात नवे सीएनसी मशिन घेतल्यामुळे एवढी रक्कम गाडीत अडकवण्याची माझी तयारी राहिलेली नाही.

पुण्याच्या एका एजंटाने असा प्रस्ताव दिला आहे की मी ताबा घ्यावा, एमएच 09 पासिंग करावे आणि मग तो ऑन-रोड किमतीवर 12 लाख रुपये ऑन, म्हणजे रांगेत न थांबता गाडी मिळण्यासाठीची जादा रक्कम, देणारे बेळगावचे गिऱ्हाईक आणेल. त्यांपैकी 5 लाख रोख मिळतील आणि एजंटाची दलाली 2 लाख असेल. ट्रान्सफर नंतर सावकाश होईल, तूर्त सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म (गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे अर्ज) द्यावेत, असेही तो म्हणतो. शोरूमच्या करारात मात्र ‘ताब्यापासून 12 महिने गाडी विकणार नाही’ अशी अट आहे. दोन मित्रांचा आग्रह आहे की तिघांनी भांडवल घालून दरवर्षी अशा दोन-तीन गाड्या कराव्यात. प्रत्यक्ष हातात किती उरेल आणि धोका कुठे आहे, हे जाणकारांनी सांगावे.

करसल्लागार, राजारामपुरी

आधी हिशेब मांडतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरील 20 लाखांपुढच्या डिझेल गाडीला 15 टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे आपल्या गाडीला 21 लाख. विम्याचे साधारण 4 लाख धरले, तर ऑन-रोड किंमत 1 कोटी 65 लाखांवर जाते. याशिवाय 10 लाखांपुढच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल करायचा आयकर, भरावा लागतो. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोपर्यंत ती रक्कम अडकून राहते. ही सारी रक्कम 9 टक्के व्याजाची धरली आणि व्यवहार दीड महिन्यात मिटला असे मानले, तरी सुमारे 1 लाख 85 हजार रुपये व्याजात जातात. दलाली वजा केल्यावर 8 लाखांच्या आसपास उरतात.

स्वतःच्या वापरातली गाडी विकली, तर ती वैयक्तिक वस्तू असल्याने भांडवली नफ्याचा कर लागत नाही, हे खरे आहे आणि अनेकांचा गैरसमज येथूनच सुरू होतो. आपले गिऱ्हाईक ताब्याआधीच ठरलेले आहे. अशी खरेदी नफ्यासाठी केलेला व्यापार ठरते आणि नफा उत्पन्नात धरावा लागतो. 30 टक्के कर आणि त्यावरचा उपकर गेल्यावर साडेपाच लाख हातात येतील, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर साडेतीन टक्केसुद्धा नाहीत. मित्रांसह हे दरवर्षी केलेत, तर तो सरळ व्यवसाय होईल आणि जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या गाडीच्या नफ्यावर 18 टक्के जीएसटी भरावा लागतो. जानेवारी 2025 पासून सर्व जुन्या गाड्यांना हाच दर लागू आहे.

रोखीच्या 5 लाखांना मात्र कृपया हातही लावू नका. एका व्यवहारापोटी 2 लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारणे आयकर कायद्यात निषिद्ध आहे आणि स्वीकारलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो.

कावळा नाका कार बाजार

मी बावीस वर्षे जुन्या गाड्यांच्या व्यवहारात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ऑन हा गाडीचा नसतो, रांगेचा असतो. 2021-22 मध्ये सेमीकंडक्टर चिपांच्या टंचाईमुळे गाड्यांचे उत्पादन अडले, तेव्हा महिनोन्महिने थांबण्याऐवजी लोक जादा पैसे मोजत होते. पुरवठा सुरळीत झाल्यावर तीच गाडी ‘सेकंड ओनर’ म्हणून शोरूमच्या दराखाली मागितली जाऊ लागली. ऑन कधी संपेल, हे कंपनीच्या वाटपावर ठरते आणि ते वाटप आपल्या हातात नसते.

आपल्या व्यवहारात मला खटकते ते बेळगावचे गिऱ्हाईक. त्याला कर्नाटकात गाडी नेल्यावर तिथला कर पुन्हा भरावा लागेल, आपल्याकडून फॉर्म 28 वरची एनओसी (आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र) लागेल आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागायचा, तर ती खटपट वेगळी. एवढे सगळे सोसून तो आपल्या 21 लाखांच्या करासह ऑन-रोड किंमत देईल आणि वर 12 लाख देईल, यावर माझा विश्वास बसत नाही. माझा अनुभव असा आहे की असे आकडे ताबा घेईपर्यंतच बोलले जातात. गाडी आपल्या दारात उभी राहिली आणि व्याज चालू झाले की गिऱ्हाईक घासाघीस सुरू करते.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही तर मुळीच करू नका. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. परराज्यासाठी 45 दिवस आहेत. तोवर आरसीवर आपले नाव आहे आणि दरम्यान अपघात झाला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिलेला आहे. कोरे फॉर्म चार हात फिरतात, गाडी कोण चालवतो हे आपल्याला कळतही नाही. एजंट खरा व्यापारी असेल, तर 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे आरटीओचे प्राधिकारपत्र असायला हवे. अशा व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची नोंद फॉर्म 29 सी वर झाली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. ते प्राधिकारपत्र मागा, आणि त्याने टाळाटाळ केली तर विषय तिथेच थांबवा.

जयसिंगपूरचा वाचक

मी हे केले आहे. ऑगस्ट 2025 मध्ये दसऱ्याला ऑन मिळेल या हिशेबाने एक मोठी एसयूव्ही घेतली. 22 सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. मोठ्या एसयूव्हीवर उपकरासह 50 टक्क्यांपर्यंत असलेला कर 40 टक्क्यांवर आला. एकट्या फॉर्च्युनरची किंमत साडेतीन लाखांपर्यंत उतरली. माझी जुन्या दराची, एका मालकाची, जवळजवळ न चाललेली गाडी कोणी शोरूमच्या नव्या किमतीलाही मागेना. वडिलांच्या ठेवी मोडून ते पैसे घातले होते. दिवाळीनंतर तोट्यात विकली आणि ठेवींची भरपाई अजून चालू आहे.

विधी सल्लागार, ताराबाई पार्क

12 महिन्यांच्या अटीकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. अशा अटी परदेशात गंभीरपणे राबवल्या जातात. फोर्ड जीटी ही मोटार विकत घेणाऱ्यांकडून कंपनीने दोन वर्षे न विकण्याचे वचन घेतले होते. ते मोडल्याबद्दल तिने 2017 मध्ये कुस्तीपटू जॉन सीना यांच्यावर दावा लावला आणि पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला. लँड क्रूझर 300 साठी जपानमध्ये टोयोटाने ग्राहकांकडून वर्षभर न विकण्याची हमी घेतली, कारण गाड्या परदेशी वळवल्या जाण्याची तिला चिंता होती.

आपल्याकडे भारतीय करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असेल, तर न्यायालय त्या मर्यादेत वाजवी भरपाई देववू शकते. त्यामुळे करारात रक्कम लिहिलेली आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. पुढच्या गाडीसाठी आपले नाव काळ्या यादीत जाणे हा परिणाम तर कोर्टाशिवायही होतो. मला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते: रांगेत आपल्यामागे थांबलेला माणूस खरोखर गाडी वापरणारा असतो, आणि आपण ताबा घेऊन ती दुसऱ्याला दिली, की त्याच्या थांबण्याची किंमत आपण वसूल करतो.

उद्यमनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करार पुन्हा वाचला. त्यात दंडाची रक्कम लिहिलेली आहे आणि ती एजंटाच्या ऑनपेक्षा जास्त आहे. एजंटाकडे प्राधिकारपत्र मागितले, तेव्हापासून त्याचा फोन आलेला नाही. मित्रांनाही नकार कळवला आहे. आज शोरूमला बुकिंग रद्द करण्याचे पत्र दिले. बुकिंगच्या 5 लाखांमधून प्रशासकीय शुल्क म्हणून किती कापता येते, याचा उल्लेख करारात सापडत नाही. विधी सल्लागारांनी त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर उपकार होतील.