ब्रिटनचे पंतप्रधानपद नेमके कोणत्या कायद्याने निर्माण झाले?

प्रश्न (लातूरची विद्यार्थिनी):
नमस्कार. मी राज्यसेवेची तयारी करते. आपल्या राज्यघटनेच्या कलम 74 मध्ये पंतप्रधानांचा स्पष्ट उल्लेख आहे. ब्रिटनबाबत मात्र माझ्या टिपणांत ‘1721 मध्ये वॉलपोल पहिले पंतप्रधान झाले’ एवढेच वाक्य आहे आणि मूळ कायदा काही केल्या सापडत नाही. कोणी सांगू शकेल का?

उत्तर (नांदेड, निवृत्त शिक्षक):
ताई, तो सापडणार नाही, कारण असा कायदा कधी झालाच नाही. 1721 मध्ये रॉबर्ट वॉलपोल यांना मिळाले ते कोषागाराच्या पहिल्या लॉर्डचे पद, म्हणजे आपल्या भाषेत तिजोरीच्या किल्ल्या. राजा पहिला जॉर्ज हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. त्याने 1717 च्या सुमारास मंत्र्यांच्या बैठकांना बसणे जवळजवळ सोडले होते, त्यामुळे ज्याच्या हाती खर्च आणि नेमणुका, त्याच्याच शब्दाला बैठकीत वजन आले. ‘प्राइम मिनिस्टर’ हा तेव्हा विरोधकांचा टोमणा होता आणि वॉलपोल स्वतः ते बिरुद नाकारत. दुसऱ्या जॉर्जने त्यांना डाउनिंग स्ट्रीटवरील घर देऊ केले, तेव्हाही त्यांनी ते स्वतःच्या नावे न घेता या पदासाठी घेतले आणि 1735 मध्ये ते तेथे राहायला गेले. त्या 10 क्रमांकाच्या काळ्या दारावर, टपाल टाकण्याच्या फटीच्या पितळी झाकणावर, आजही ‘फर्स्ट लॉर्ड ऑफ द ट्रेझरी’ अशीच अक्षरे आहेत.

उत्तर (परभणी):
गुरुजींच्या उत्तराला थोडी पुरवणी जोडतो. मानाच्या अधिकृत क्रमात पंतप्रधानांना 1905 मध्ये स्थान मिळाले, तेही यॉर्कच्या आर्चबिशपनंतर! 1917 च्या चेकर्स इस्टेट (पंतप्रधानांचे खेड्याकडचे निवासस्थान) कायद्यात या पदाचा उल्लेख आला, तर वेतनाची तरतूद 1937 च्या कायद्याने झाली. दोन्ही पदे नेहमीच एका व्यक्तीकडे होती असेही नाही. लॉर्ड सॉल्सबरी 1895 ते 1902 या काळात पंतप्रधान असताना कोषागाराचे पहिले लॉर्ड त्यांचे भाचे आर्थर बाल्फोर होते.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आमचे आजोबा जुन्या महसुली कागदांविषयी बोलताना हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्या जिल्हाबंदीचे (महसुलासाठी मुलखाची जिल्ह्यांत विभागणी) नाव काढीत. मग वॉलपोल म्हणजे निजामाच्या दिवाणासारखेच समजावेत का, गुरुजी?

उत्तर (नांदेड, निवृत्त शिक्षक):
तिजोरीपुरती तुलना चालेल, ताई, त्यापुढे नाही. पहिले सालारजंग 1853 पासून 1883 पर्यंत दिवाण होते, पण त्यांना निजामाची मर्जी आणि ब्रिटिश रेसिडेंटचा (दरबारातील इंग्रज प्रतिनिधीचा) कल, एवढेच सांभाळावे लागे. खाली मतदान करणारे सभागृह नव्हते. वॉलपोल यांच्यावर 1742 मध्येही राजाची मर्जी कायम होती. तरीही वादग्रस्त निवडणुकांच्या तक्रारींवर कॉमन्स सभागृहात मतदान होऊन त्यांची बाजू हरली आणि त्यांना पायउतार व्हावे लागले.