टायटॅनियम व्हॅक्यूम आर्क थ्रस्टर : तीन हजार पल्सनंतर आर्क पेटत नाही

प्रश्न (कक्षा_६००)
क्यूबसॅटसाठीचा (छोट्या घनाकार उपग्रहासाठीचा) थ्रस्टर; आर्क म्हणजे विजेची ठिणगी कांडीचा धातू प्लाझ्मा करून बाहेर फेकते आणि त्यातून ढकल मिळते. मधे ३ मिमीची टायटॅनियम कांडी (कॅथोड), तिच्यावर ॲल्युमिनाची नळी, बाहेरून तांब्याचा ॲनोड. नळीच्या तोंडावर ग्रॅफाइटचा थर. ६०० मायक्रोहेन्रीचा इंडक्टर २४ व्होल्टवर ५० ॲम्पिअरपर्यंत भरतो, मग १२०० व्होल्टचा आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) प्रवाह तोडतो आणि उसळलेल्या व्होल्टेजने थरावर आर्क पेटते. सेकंदाला एक पल्स, चेंबरचा दाब ०.००००५ मिलीबार. थराचा रेझिस्टन्स सुरुवातीला ८०० ओम होता, आता मीटर २० मेगाओम दाखवतो आणि निम्मे पल्स वाया जातात. आर्क पेटवायला वेगळं ट्रिगर सर्किट लावू, की कांडी मॉलिब्डेनमची वापरू?

आयनवेग
आधी दाब बघा. ग्रॅफाइट फक्त पहिल्या काही पल्सपुरतं असतं. पुढे प्रत्येक आर्क थोडा थर खाते आणि थोडा धातू सिरॅमिकवर परत बसवते. ही देवाणघेवाण जमली तरच थ्रस्टर टिकतो. तुमच्या दाबाला ताज्या टायटॅनियमवर वायूचा एक रेणूभर जाडीचा थर साधारण ०.०३ सेकंदात बसतो. दोन पल्समध्ये तुम्ही पूर्ण सेकंद सोडता, म्हणजे जेमतेम काही नॅनोमीटरच्या धातूचं ऑक्साइड व्हायला भरपूर वेळ मिळतो. टायटॅनियम वायू शोषण्यात फारच तरबेज आहे. कक्षेत हा त्रास बराच कमी होईल, त्यामुळे ही चाचणी थ्रस्टरवर अन्यायच करते. ०.०००००१ मिलीबारपर्यंत उतरा आणि सेकंदाला १० पल्स द्या. आर्कमध्येच ७.५ वॅट जातील, तेव्हा ५० पल्सचा झोत आणि मग विश्रांती असं चालवा.

स्विचवाला
मल्टिमीटरवर विसंबू नका. धातूची सुटी बेटं असलेला थर त्याला तुटलेला वाटतो, पण काहीशे व्होल्टला तो पेटतो. ॲनोड-कॅथोडचं व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर बघा: २०-२५ व्होल्टचं पठार दिसलं तर आर्क, काही व्होल्टच दिसले तर धातूचा पूल जुळून शॉर्ट, आणि क्लॅम्पपर्यंत (व्होल्टेज ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या भागापर्यंत) उसळी गेली तर पल्स वाया. अशा वेळी इंडक्टरमधले ०.७५ ज्यूल क्लॅम्पवर जातात, क्लॅम्प नसेल तर थेट आयजीबीटीवर. क्लॅम्प किती व्होल्टचा आहे?

धातूगणित
मॉलिब्डेनमच्या आयनांचा वेग सेकंदाला सुमारे १७ किमी, टायटॅनियमच्या १५. ॲडलेडच्या न्यूमन स्पेसचा मॉलिब्डेनम ड्राइव्ह डिसेंबर २०२३ मध्ये सुटलेल्या स्पिरिट उपग्रहावर होता, म्हणजे पर्याय चांगलाच आहे. पण त्याचं आर्क व्होल्टेज २९ व्होल्टच्या आसपास असतं, म्हणून इंडक्टर लवकर रिकामा होईल आणि आर्क लवकर विझेल.
कांडी झिजून आत गेली असेल ही शंकाही काढून टाका. दर कूलोंबला ३० मायक्रोग्रॅम धरले तर तुमचा पल्स (३० मिलिकूलोंब) सुमारे ०.९ मायक्रोग्रॅम खातो, ३००० पल्समध्ये ०.१ मिमीसुद्धा नाही. तीस हजारांनंतर मात्र कांडी जवळजवळ १ मिमी आत सरकेल, प्लाझ्मा नळीच्या भिंतीला घासेल आणि थ्रस्ट पडेल. कांडी पुढे ढकलायला मागे स्प्रिंग आणि पुढे टेकायला खांदा आत्ताच ठेवा.

कक्षा_६००
क्लॅम्प ४०० व्होल्टचा आहे.

स्विचवाला
मग थर जरा पातळ झाला की क्लॅम्पच आधी वाहू लागतो आणि आर्कला संधीच मिळत नाही. ९०० व्होल्टच्या आसपासचा लावा. आयजीबीटीला ३०० व्होल्टची मोकळीक राहते. वायरिंग आखूड ठेवा, नाहीतर तिच्या इंडक्टन्समुळे येणारी उसळी तेवढीही खाऊन टाकेल. ट्रिगर सर्किटचा विचार हे आणि दाब दोन्ही सुधारल्यावर.