मदत हवी आहे : कुतच्या वेढ्यातील युद्धकैदी पणजोबांचा शोध

नमस्कार. मी ठाण्यात, नौपाड्यात राहतो. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हिंदी सैन्याच्या ११०व्या मराठा पलटणीत शिपाई होते आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांचे ब्रिटिश सेनापती जनरल टाऊनशेंड यांनी कुत-अल-अमारा (आजच्या इराकमधील गाव) येथे शरणागती पत्करल्यावर ते तुर्कांच्या कैदेत गेले. तुर्कांच्या जवळपास पाच महिन्यांच्या वेढ्यात उपासमारीने खंगलेल्या सुमारे १३,००० कैद्यांपैकी अधिकाऱ्यांना बगदादपर्यंत बोटीने नेले. शिपायांना मात्र उन्हातून पायी हाकत नेले (हा भेद मला अजूनही बोचतो) आणि पुढे अनेकांना रास-अल-ऐन (आजच्या सीरियात) येथे रेल्वेमार्गाच्या कामाला जुंपले. पणजोबा परतले नाहीत. घरी केवळ एक पुसट क्रमांकाचा पितळी बिल्ला आहे. जिनिव्हातील रेडक्रॉसच्या कैदी-नोंदींत भारतीय शिपायाचा शोध केवळ पलटण आणि गाव यांवरून कसा घ्यावा, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?