बर्फ वितळवायचा की विरघळवायचा?

खाजणकाठ: वास्कोतल्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक टिपण मराठीत आणायचं आहे. विषय: ध्रुवीय समुद्रबर्फात राहणाऱ्या शेवाळाचा नमुना. ‘बर्फाचा तुकडा गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात विरघळवा’ या वाक्यावर शेरा आला, ‘वितळवा’. कोणतं ठेवू?

काना-मात्रा: वितळवा. वितळायला ऊब लागते, विरघळायला द्रावक. ‘आईस्क्रीम विरघळलं’ बोलताना खपतं, छापताना नाही.

सड्यावरचा: इतकं सरळ नाही. समुद्राचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. शून्याखालच्या खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्याचा बर्फ टाकला तर तो मिठामुळे जातो, म्हणजे विरघळतोच. टिपणात पाणी ४ अंशांवर असेल तर ‘वितळवा’ लिहून मोकळे व्हा.

मात्र पाणी का घालायचं ते टिपणातून वगळू नका. गाभ्याचा, म्हणजे बर्फात भोक पाडून काढलेल्या उभ्या दांड्याचा, तळ नुसता वितळवला तर खारटपणा दर हजारी ५ च्या घरात येतो. शेवाळ राहतं ते बर्फातल्या बारीक नळ्यांत अडकलेल्या खारात, तिथे तळाशी ३४-३५. इतका फरक पडला की पेशी पाणी ओढून फुटतात. आधी नाजूक कशाधारी (चाबकासारख्या शेपटीने पोहणारे एकपेशीय जीव), सिलिकाच्या कवचाचे डायटम (एकपेशीय शेवाळ) त्या मानाने तगतात. ९ सेंटिमीटर व्यासाच्या गाभ्याला दर सेंटिमीटरमागे १०० मिली पाणी घातलं की मिश्रण २३ च्या आसपास राहतं. अंधारात ठेवा. घातलेलं पाणी लिहून ठेवा, नाहीतर हरितद्रव्याचा आकडा निम्म्याहून कमी येईल आणि कारण सापडणार नाही.

तोरांची बरणी: ‘खार’ म्हणजे लोणच्याचा ना?

काना-मात्रा: म्हणूनच ‘मिठवणी’ घ्या. जुना, स्वच्छ शब्द.

तोरांची बरणी: स्वच्छ खरा, पण पेडण्यापासून काणकोणपर्यंत एका मुलाला विचारून बघा. ‘खारं पाणी’ म्हणा की!

सड्यावरचा: नको. खारं पाणी बर्फाखालीही असतंच. गाभा वर काढताच नळ्यांतलं निथळून जातं, म्हणून तळाचे ३ ते ५ सेंटिमीटर लगेच सावलीत कापायचे. ही सूचना वाचताना दोन्ही पाण्यांचा गोंधळ झाला तर काम फुकट.

खाजणकाठ: मग ‘मिठवणी’? आणि ‘समुद्रबर्फ’ की ‘सागरी हिम’?

काना-मात्रा: हिम भारदस्त वाटतं.

सड्यावरचा: वाटू दे. हिम वरून पडतं, समुद्रबर्फ खालच्या पाण्याचा होतो. वर साचलेल्या हिमाची जाडी वेगळी मोजतात, कारण शेवाळाचा प्रकाश मुख्यतः तेच अडवतं.