झोर्नचा 'मूनचाइल्ड': साधना की नुसता आरडाओरडा?

खर्ज: अमेरिकन संगीतकार जॉन झोर्नचा 'मूनचाइल्ड' (२००६) हा अल्बम परत ऐकला. माणसं तीनच: माइक पॅटनचा आवाज, ट्रेव्हर डनचा बेस, जोई बॅरनचे ड्रम्स. झोर्न स्वतः सॅक्सोफोनवाला, पण इथे फक्त रचना त्याच्या. वाहिलाय इंग्रज गूढविद्यावाला क्राउली, फ्रेंच लेखक-नाटककार आर्तो आणि संगीतकार व्हारेझ या तिघांना. आणि सबंध अल्बममध्ये शब्द एकही नाही! गूढविद्येवरचे बहुतेक अल्बम शब्दांतच गारद होतात. सैतान, रक्त, कवट्या. इथे पॅटन पुटपुटतो, घोगरा श्वास ओढतो, मग एकदम किंचाळतो. माझ्या मते या प्रकारातला हा सर्वांत प्रामाणिक अल्बम.

भैरू: यातल्या रचनांची '६१६', 'हेलफायर' ही नावं पुसा आणि 'डोकेदुखी १', 'डोकेदुखी २' लिहा. ऐकताना काय फरक पडतो सांगा. झोर्नच्याच 'नेकेड सिटी' या बँडमध्ये १९९० च्या सुमाराला जपानी गायक यामात्सुका आय असाच ओरडत होता, तेव्हा क्राउलीची गरज पडली नव्हती.

खर्ज: नेकेड सिटी दर काही सेकंदांनी कूस बदलते: जॅझ, सर्फ रॉक, मग थ्रॅश मेटल. इथे डन जाडाभरडा रिफ (तीच ती छोटी धून) धरून बसतो आणि पॅटन त्यावर घुमतो, अंगात आल्यासारखा. आणि '६१६' उगाच नाही हो. बायबलातल्या 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या काही जुन्या प्रतींत श्वापदाचा, म्हणजे सैतानी, आकडा ६६६ ऐवजी ६१६ आहे.

भैरू: म्हणजे तळटीप वाचल्यावर संगीत चांगलं लागतं. छान.

तानपुरा: मला शब्द नसण्याचं कौतुक कळत नाही. तराण्यात 'दिर दिर तानोम'लाही अर्थ नसतो, पण गवई रागाला बांधलेला असतो. पॅटन कशाला बांधलाय? (बॅरनसाठी मात्र पूर्ण मार्क. एवढ्या गदारोळात त्याची झांज स्वच्छ ऐकू येते.)

खर्ज: ताई, मग बॅरनलाच ऐका! तो नि डन जिथे खाडकन थांबतात तिथे पॅटनचा आवाज कसा तुटतो, तेवढंच एकदा ऐका.

घाटी: क्राउली १९०१ मध्ये सिलोनला ॲलन बेनेटबरोबर योग शिकला, १९०४ मध्ये कैरोत म्हणे एका अदृश्य शक्तीने त्याला ग्रंथ सांगितला. असले बुवा आपल्याकडे पैशाला पासरी. न्यूयॉर्कवाल्यांना भारी वाटतात, इतकंच.

खर्ज: फॅशनच असती तर एका अल्बमात हौस फिटली असती. पॅटन, डन, बॅरन या तिघांनाच मध्यभागी ठेवून २०१४ च्या 'द लास्ट जजमेंट'पर्यंत सात अल्बम झाले. त्यातला एक हेलिओगाबालस या रोमन सम्राटावर, ज्याच्यावर आर्तोने १९३४ मध्ये पुस्तक लिहिलं होतं.

भैरू: सात काढले कारण कंपनी घरची. टझाडिक झोर्नचीच, नाही म्हणणार कोण?

तानपुरा: घरची कंपनी असली म्हणून सूर खोटा ठरत नाही, भैरू. ते थांबणं ऐकलं मी. तिथे काहीतरी आहे. पण बाकीचा अर्धा तास मी पॅटनला माफ केलेला नाही.