दिल्लीतला किलो आणि कारखान्याचा काटा

शिरोळकर
परवा काटामारीवर, म्हणजे कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी दाखवण्यावर, बोलणं चाललं होतं, तेव्हा विदुलाताई म्हणाल्या की दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेला, म्हणजे एनपीएलला, आणखी निधी आणि माणसं मिळाली पाहिजेत, कारण देशातलं प्रत्येक वजन शेवटी तिथल्या मानकाशी जोडलेलं आहे. मला हे पटत नाही.

2024-25 च्या गळिताला आमचा फड तुटला. ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. कारखान्याच्या अलीकडं अडीच किलोमीटरवर खासगी काटा आहे. तिथं भरलेली गाडी तोलली, परत येताना रिकामी तोलली. निव्वळ ऊस 18 टन 640 किलो. कारखान्याच्या पावतीवर 18 टन 120. एका खेपेला 520 किलो गेला. त्या सालची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, 340 रुपये क्विंटल धरली तर 1,768 रुपये. आणि आमच्या अकरा खेपा होत्या. काट्यावरच्या माणसाला विचारलं तर त्यानं पावती पुढं सरकवली आणि मागच्या गाडीला हात केला.

दिल्लीत मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, मोजून आमचा अर्धा टन परत येणार आहे का? पैसा द्यायचाच तर वैधमापनच्या, म्हणजे वजनंमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, निरीक्षकांना द्या. माणसं भरा, गाड्या द्या, काटा तपासायला टनाटनाची वजनं द्या.

विदुला
शिरोळकर, तुमचं नुकसान खरं आहे. पण निरीक्षक तुमच्या काट्यावर येईल तेव्हा बरोबर काय आणेल? वीस किलोची वजनं. ती वीस किलोचीच आहेत हे कोण सांगणार? ती राज्याच्या दुय्यम मानकांशी पडताळलेली असतात, ती मानकं अहमदाबाद, बंगळूरु अशा ठिकाणच्या प्रादेशिक प्रयोगशाळांत आणि त्या प्रयोगशाळांची एनपीएलमध्ये. ही साखळी वर तुटली तर कोर्टात कारखान्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की तुमचं वजन कशावरून खरं?

भारताकडे प्लॅटिनम-इरिडियमचा क्रमांक 57 चा किलो आहे, तो एनपीएलमध्ये ठेवलेला असतो. जगाचा पॅरिसजवळचा मूळ किलो आणि त्याच्या प्रती शंभर वर्षांत एकमेकांपासून 50 मायक्रोग्रॅमच्या आसपास सरकल्याचं दिसलं, म्हणून 20 मे 2019 पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर, नेली. हे काम जिल्ह्याच्या कचेरीत होत नाही. मी स्वतः कॅलिब्रेशनच्या, म्हणजे मापं मानकाशी ताडून बघायच्या, प्रयोगशाळेत काम करते. मानक वजनाला उघड्या बोटानं हात लावायची सोय नसते, बोटाच्या तेलानंसुद्धा वजन बदलतं. तेवढी काळजी वर घेतली जाते म्हणून खाली किलो हा किलो राहतो.

किरण_नगर
मी थोडं कारखान्याच्या बाजूनं बोलतो, रागावू नका. ऊस तुटल्यापासून वाळतो. गाडी नंबराला रात्रभर उभी राहिली तर वजन घटणारच. प्रत्येक फरक म्हणजे काटामारी नव्हे.

शिरोळकर
किरणराव, त्या दिवशी नंबर लगेच लागला. खासगी काट्यावरून निघालो आणि तासाच्या आत कारखान्यात वजन होऊन गव्हाणीवर, ऊस टाकायच्या जागी, होतो. तासाभरात अर्धा टन वाळतो का?

मापाडी
नोकरीची तीस वर्षं वजनमापाच्या खात्यात काढली, आता निवृत्त आहे. आकडे मांडतो.

काट्याचा एक भाग, म्हणजे तो दाखवतो तो सगळ्यांत लहान टप्पा, 10 किलोचा धरा. भरलेली गाडी 26 टनांची असेल तर वापरातल्या काट्याला 30 किलोपर्यंत चूक चालते, रिकामी साडेसात टनांची असेल तर 20 किलोपर्यंत. दोन्ही चुका एकाच बाजूला पडल्या तरी 50. खासगी काटाही तेवढाच चुकला आणि नेमका उलट्या बाजूला चुकला, तर 100. त्याच्यावर 520 कुठून येणार? किरणराव, हा फरक वाळण्याचा नाही आणि काट्याच्या सवलतीचाही नाही.

पण शिरोळकर, तुमचं अर्धंच बरोबर आहे. ही 30 आणि 20 किलोची मर्यादा मी हिमतीनं सांगू शकतो ती वरच्या साखळीच्या जोरावर. मुंबईचा मण 28 पौंडांचा आणि बंगालचा 82 पौंडांच्या वर, अशी या देशाची स्थिती होती. 1956 च्या कायद्यानं ते थांबवलं.

विदुलाताई, तुम्हालाही सांगतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी वर्षातून एकदा. निरीक्षक शिक्का मारून, इंडिकेटरला, म्हणजे वजनाचा आकडा दाखवणाऱ्या पेटीला, सील लावून जातो. उरलेले 364 दिवस ते सील कोण बघतो? वरची साखळी कितीही पक्की असली तरी चोरी शेवटच्या कडीलाच होते, कारण तिथं माणूस नसतो.

टर्नरमास्तर
कोल्हापुरात माझं छोटं वर्कशॉप आहे. परदेशी गिऱ्हाइकाला माल गेला की सोबत मापाचे दाखले मागतात. 1999 च्या आंतरराष्ट्रीय करारानं एनपीएलची मापं बाहेर मान्य होतात, म्हणून माझ्या मायक्रोमीटरचा इथला दाखला तिकडं चालतो. हे नसतं तर मला गेज तपासायला जर्मनीला पाठवावे लागले असते. त्यामुळं एनपीएलचा निधी तोडा असं कुणी म्हणालं तर माझा कडक विरोध. पण कॅलिब्रेशनच्या फीचा बोजा लहान कारखान्याला जड जातो, त्यावर कुणीतरी बोललं पाहिजे.

विदुला
मापाडीकाका, सीलचं म्हणणं मान्य. तरी निधी "यांना नाहीतर त्यांना" अशी मांडणी मला चूक वाटते. निरीक्षक वाढवा, पण त्यांच्या वजनांची पडताळणी थकली तर त्यांच्या शिक्क्याला किंमत राहणार नाही. आणि उसाचा भाव उताऱ्यावर, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्यावर, ठरतो. उतारा काढणारी यंत्रंही मापाचीच आहेत. त्यांच्याबद्दल गावात कुणी विचारतं का?

शिरोळकर
उताऱ्याचं डोक्यात आलं नव्हतं, ते खरंच विचारायला पाहिजे. एनपीएल बंद करा असं मी म्हणत नाही. पण निरीक्षकांच्या भरतीचं काम आधी, या मुद्द्यावर मी ठाम आहे. आमच्या तालुक्यात काटा तपासायला माणूस कधी आला ते कुणालाच आठवत नाही.

मापाडी
अकरा खेपांच्या पावत्या जपून ठेवल्यात ना? खासगी काट्याच्या पावत्यांवर गाडीचा नंबर आणि वेळ आहे का ते आधी बघा. असेल तर जिल्ह्याच्या वैधमापन कचेरीत लेखी तक्रार द्या आणि खासगी काट्याच्या पडताळणी दाखल्याची प्रत जोडा. पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. मसुदा मी करून देतो.

शिरोळकर
नऊ पावत्या सापडल्या, दोन भिजल्यात. सगळ्यांवर वेळ आहे. उद्या सकाळी फोटो काढून टाकतो, काका.